एकोणीस तारखेचा मानकरी

॥ ग्वादालुपे मातेची कृपा ॥
आत्लिस्को, २१ ऑगस्ट २०२२

ती. एदुविहेस ताईस,
लायोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी मध्येच तोडतो आणि पत्रात तोडता येत नाही, म्हणून तू पत्रच लिहितेस, हे चोनाला फार पटलंय. तीही आता मला घरातल्या घरात पत्रं लिहिणार म्हणते. लिहू दे बापडी, निदान ऐकू तरी येणार नाही.

इकडे सर्व ठीक. यंदा अक्रोड लवकर आले, त्यामुळे चोनानं अक्रोडाच्या चटणीतल्या भरल्या मिरच्यांचा घाट घातलाय आणि सोलायला मला बसवलंय. बोटं इतकी काळी झालीत की गिऱ्हाइकं पावाकडे बघण्याआधी माझ्या हातांकडे बघतात. ज्वालामुखी धूर सोडतोय, पण त्या म्हाताऱ्या डॉन गोयो डोंगराचं काय मनावर घ्यायचं? माझी भट्टी त्याच्यापेक्षा जास्त सोडते.

एकोणीस सप्टेंबर सोमवारी येतोय. पंच्याऐंशीच्या भूकंपात आपली चायो गेली तेव्हापासून त्या दिवशी भट्टी पेटत नाही, हे तुला सांगायला नको. घरातलं माणूस न् माणूस मक्याच्या शेतात, डोक्यावर आभाळ सोडून काही नाही. तू या सगळ्याला नाटक म्हणतेस, पण माझ्या शेतात आजवर कुणी मेलं नाही. यंदा मात्र मी शेतात नसेन. का, ते सांगतो. बसून वाच.

परवा दुकानात इंजिनिअर उरिएता आले होते. हो, तेच. मी कणीक मळत होतो. ते टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर थांबले, मी बोलावीपर्यंत आत आले नाहीत. तुझ्या लेकीचं, आपल्या कादीचं नाव घेतलं आणि डोळे पुसले. म्हणाले, पाच वर्षं धड झोप नाही. तुझ्या गल्लीत कादीची इमारत पडली त्या रिकाम्या जागेवर ते स्वतः एक भिंत बांधणार आहेत आणि तिच्यावर संगमरवरी पाटी बसवणार आहेत. त्या इमारतीत गेलेल्या सगळ्यांची नावं, आणि आपल्या घरावर दोनदा घाव पडला म्हणून सगळ्यांत वर चायोचंही. पंच्याऐंशी साली गेलेली मावशी आणि दोन हजार सतरात गेलेली भाची, एका दगडावर. ताई, इतक्या वर्षांत चायोचं नाव कुणी कुठे कोरलं का गं?

पाटीवर लिहायचंय: १९ सप्टेंबरने नेलेल्यांच्या स्मरणार्थ, दैवापुढे कुणाचे चालत नाही. मला तर वाचताना भरून आलं.

पाटीला मानकरी हवाच. आपल्यात लग्नाच्या केकला मानकरी असतो, पोरीच्या पहिल्या उंच टाचेच्या बुटांना असतो, मग पाटीला नको? त्यांनी विचारलं, मी होऊ का. मी कादीचा धर्मबाप, तेव्हा हो म्हणायचा हक्क माझा. मी हो म्हटलं. मेस्कालचा एकेक घोट घेतला, मिठी मारली आणि एकमेकांना कंपाद्रे म्हटलं. म्हणजे आता ते आपल्या घरचेच भाऊ झाले. एकोणीसला, दर वर्षीचा भूकंपाचा सराव उरकला की लगेच पडदा काढायचा ठरलंय. मी आदल्या दिवशी येतो.

चोनाचा नमस्कार. तुझा लोभ असतो, पण तू तो लपवून ठेवतेस. यंदा थोडा बाहेर काढावास, ही विनंती.

तुझा,
लायो


पोर्तालेस, मेक्सिको शहर
२७ ऑगस्ट २०२२

लायो,

वर चि. नाही, अनेक आशीर्वाद नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मी विसरले नाही. हात वळला नाही.

तू बसून वाच म्हणालास. मी बसून वाचलं आणि मग उठून उभी राहिले ती अजून बसले नाही. माझ्या पोरीला ज्यानं मारलं त्याला तू मिठी मारलीस. त्याला घरचा भाऊ केलंस. पिठाचे हात होते म्हणतोस; ते त्याच्या कोटाला पुसले असतेस तरी मी तुला शाबासकी दिली असती.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण मेस्कालबरोबर तू ते गिळलेलं दिसतंय. कादी राहायची त्या इमारतीच्या तळमजल्याच्या भिंती कुणी पाडल्या? गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून उरिएतानं. वर एक जास्तीचा मजला कुणी चढवला, त्यावर पाण्याच्या टाक्या कुणी ठेवल्या? उरिएतानं. खालून पाय काढून घ्यायचे, डोक्यावर ओझं द्यायचं आणि पडल्यावर म्हणायचं दैव. नाचता येईना अंगण वाकडं, तसं याचं आहे: बांधता येईना, जमीन वाकडी. आजूबाजूच्या सगळ्या इमारती आजही उभ्या आहेत. मी रोज त्यांच्या सावलीतून दूध आणायला जाते.

आणि चायो. तिच्या शिवणकारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, पोरी कापड पळवतील म्हणून. ते कुलूप एकोणीस तारखेनं लावलं होतं का? किल्ली मालकाच्या खिशात होती. तू आणि मी नखं तुटेपर्यंत उकरत होतो, तेव्हा तो माणूस यंत्रं बाहेर काढायला क्रेन घेऊन आला, हे तू विसरलास? त्यालाही कुणी काही केलं नाही. सगळे म्हणाले, भूकंप होता. मग बत्तीस वर्षांनी त्याच तारखेला पुन्हा झाला आणि यांना आयतंच मिळालं. आता म्हणतात, भूकंपही नाही, तारीखच वाईट. तारखेला तुरुंगात टाकता येत नाही, म्हणून ती सगळ्या चोरांना आवडते.

दर वर्षी टीव्हीचा एखादा पोरगा माझ्या दारात येतो. बहीण आणि मुलगी एकाच तारखेला गेल्या, आपल्याला काय वाटतं, असं विचारतो. मी त्याला सांगते, इंजिनिअरचा पत्ता देते, त्याला विचार काय वाटतं. ते कधी दाखवत नाहीत. दोन तारखा जुळतात तेवढं दाखवतात.

कादीनं त्या सकाळी मला फोन केला होता. ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानातली सगळी सरावासाठी खाली उतरली होती, ती हसत म्हणाली, आई, यंदाचा भूकंप उरकला. मग जेवायला घरी गेली. या सरावाला मी का उतरत नाही, ते तू नाटक म्हणून हसण्यावारी नेतोस. पाच वर्षं मला कुणाला तरी हे सांगायचं होतं आणि आज रागात सांगून टाकते.

आता काम. खटला उभा राहायच्या बेतात आहे. आम्ही चारच घरं टिकलोत. त्यात डॉन आबुंदियोही आहेत, ज्यांची बायको वरच्या मजल्यावर होती. कंपाद्रेविरुद्ध कंपाद्रे कोर्टात उभा राहत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उरिएताला नसेल? कादीच्या घरानंच त्याला भाऊ म्हटलं की बाकीची तीन घरं कशाच्या जोरावर उभी राहणार? त्यानं तुझा केसानं गळा कापला आणि तू वरून मान पुढे केलीस.

जा आणि मोड ते नातं. मोडून मला कळव. तोवर लोभ नाही.

एदुविहेस


आत्लिस्को, ३ सप्टेंबर २०२२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू आशीर्वाद लिहिला नाहीस तरी मी नमस्कार लिहितो. माझ्यावर तसे संस्कार आहेत. तुझ्यावर कुणी केले कोण जाणे, आई तर एकच होती.

नातं मोड म्हणतेस. कंपाद्रे ही काय भाड्याची खोली आहे, सोडून निघायला? मी शब्द दिलाय. आत्लिस्कोत लायो बेकरीवाल्याचा शब्द अजून चालतो. उद्या मी तो मागे घेतला तर माझ्या हातचा पाव कोण खाईल?

आणि तुझा खटला. पाच वर्षं झाली. न्यायाधीश बदलले, कचेरी बदलली, तुझ्या वकिलाचे केस गेले. काय मिळालं? मी एकसष्टीला आलो. मरायच्या आधी माझ्या बहिणीचं आणि धर्मलेकीचं नाव दगडावर बोटानं चाचपून बघायचंय, एवढं मागणंसुद्धा तुला जास्त वाटतं. दगड कुणी दिला यानं नावं बदलतात का?

तू हुशार आहेस, शहरात राहतेस, तुला तारीख म्हणजे नुसता आकडा वाटतो. मग सांग, वर्षात एवढे दिवस असताना तोच का? ज्या सकाळी साऱ्या देशानं सराव केला त्याच दुपारी का? मी अडाणी आहे, पण आंधळा नाही. त्या दिवसात काहीतरी आहे. म्हणूनच मी कादीला दर वर्षी बोलवायचो. त्या वर्षीही बोलावलं होतं. शेतात आली असती तर ती आज जिवंत असती, आणि ती का आली नाही? तारीख म्हणजे नुसता आकडा, हे तिला कुणी शिकवलं?

लिहिलं ते लिहिलं. खोडत नाही.

लोभ कमी झालाच आहे, निदान संपवू नये, ही विनंती.

लायो


आत्लिस्को, १० सप्टेंबर

ती. वन्संना,
चोनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांच्या चोरून लिहिते आहे. चोरून म्हणजे हे समोरच बसलेत, पण चष्मा सापडत नाही म्हणून यांना दिसत नाही. चष्मा माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे. कादीनं करून दिलेला, एक काडी सैल असलेला. दुसरा घ्यायला तयार नाहीत.

तुमचं उत्तर येत नाही म्हणून हे रोज टपालवाल्याची वाट बघतात आणि आला की आत निघून जातात. त्या दिवशी काय लिहिलं ते मला सांगितलं नाही, पण पत्र टाकून आले आणि पीठ भिजवायला बसले तर मीठ दोनदा घातलं. अख्खा घाणा कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनीही नीट खाल्ला नाही. तुम्ही दोघं एकाच मातीची आहात, दोघांनाही माफी मागायची म्हटलं की अंगात ताप येतो.

मी तुमच्या बाजूची की यांच्या, ते विचारू नका. या घरात पाव मलाच विकायचा आहे. पण एक बघितलं ते सांगते. गेल्या शनिवारी तो इंजिनिअर पुन्हा आला, बरोबर एक काळ्या चष्म्याचा वकील. इंजिनिअर त्या वकिलासमोर यांना पुन्हा पुन्हा कंपाद्रे म्हणत होता. कंपाद्रे, पाव छान. कंपाद्रे, दुकान छान. आणि दर वेळी हेही त्याला उलट कंपाद्रे म्हणत होते, तेव्हा वकील ओठातल्या ओठात हसत होता. वन्सं, मला ते हसू आवडलं नाही. आमच्याकडे मांजर दुधाकडे बघून असं हसतं. यांना सांगितलं, तर म्हणाले, बायकांना सगळीकडे मांजरच दिसतं.

एकोणीसला हे तुमच्याकडे येतायत. त्या दिवशी हे छपराखाली राहत नाहीत, ठाऊक आहे ना तुम्हाला? एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच शेत सोडून त्या शहरात येतायत. भीतीनं यांना आत्ताच जेवण जात नाही. तुम्ही कितीही चिडा, पण यांना जेवू घाला. आपला लोभ माझ्यावर तरी असू द्या.

आपली,
चोना


पोर्तालेस, १४ सप्टेंबर

लायो,

तुझं ते वाक्य वाचलं. तिला मीच तसं शिकवलं होतं, आणि मी बरोबर शिकवलं होतं.

एकोणीसला मी त्या जागेवर येणार आहे. तू तुझ्या कंपाद्रेच्या शेजारी उभा राहा. मी पाटीला पाठ लावून उभी राहणार. पडदा काढायचा असेल तर आधी मला काढावं लागेल.

आदल्या दिवशी माझ्याकडे उतरायचं असेल तर उतर. आमटी करून ठेवते. बोलणार नाही.

एदुविहेस


पोर्तालेस, २१ सप्टेंबर २०२२

चि. सौ. चोनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा नवरा काल सकाळच्या बसनं निघाला, पोचला असेल. तो तुला सगळं नीट सांगणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी सांगते.

रविवारी आला. जेवला. मी बोलले नाही, तोही बोलला नाही, दोघांनी मिळून आमटीचं पातेलं संपवलं. झोपायला मात्र अंगणात गेला. छपराखाली नको म्हणून माझी चांगली सतरंजी दवात भिजवली.

सोमवारी सरावाचा भोंगा झाला, सारी गल्ली खाली उतरली. उरिएताचं डोकं बघ: लोक आयतेच रस्त्यावर आहेत, तेव्हाच समारंभ ठेवला. बँडवाले, पांढरी फुलं, सोळा तारखेच्या स्वातंत्र्यदिनाचे उरलेले झेंडे आणि तो काळ्या चष्म्याचा वकील. रिकाम्या जागेच्या मधोमध पुरुषभर उंचीची नवी भिंत, चुन्यानं अशी रंगवलेली की डोळे दिपावेत, वर निळा पडदा. मी गेले आणि तिला पाठ लावून उभी राहिले. डॉन आबुंदियो म्हणाले, बाई, बसा, दमाल. मी म्हटलं, पाच वर्षांत दमले नाही, आज काय दमते.

उरिएतानं भाषण केलं. गोड आवाज आहे मेल्याचा. म्हणाला, ही तारीख गरीब-श्रीमंत बघत नाही, बांधणारा बघत नाही, राहणारा बघत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, या माउलीचं दुःख समजू शकतो, आणि लायोला म्हणाला, कंपाद्रे, बहिणीला जरा बाजूला घ्या. सगळ्या गल्लीसमोर. आणि चोना, तुझा नवरा पुढे आला. खाली मान घालून आला आणि त्यानं माझा दंड धरला. मी त्याला म्हटलं, ओढायचं तर ओढ, पण माझ्याकडे बघून ओढ.

तेवढ्यात भोंगा वाजला. लोक हसले. कुणी म्हणालं, यांचा सराव अजून संपला नाही. कुणी म्हणालं, बंद करायला विसरले. बँडवाल्यांनी तर त्याच्या सुरात सूर मिसळला. मीसुद्धा सरकारला एक शिवी हासडली. मग पायाखालची जमीन सरकली.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मलाही वाटलं, लायोचंच खरं. पुन्हा तीच तारीख. विजेच्या तारा दोरीच्या उड्यांसारख्या हलत होत्या, बायका गुडघ्यांवर बसून देवाला विचारत होत्या, आजच का, आजच का. माझे पाय जागचे हलेनात. लायोनं दंड धरलेलाच होता. त्यानं तो इतक्या जोरात ओढला की खांदा अजून काळानिळा आहे. दोघेही रस्त्यावर पडलो, तो माझ्या अंगावर. चायोच्या वेळी ढिगाऱ्यावर त्यानं मला असंच घट्ट धरलं होतं.

थांबलं तेव्हा धुरळा होता. सगळ्यांनी आधी वर बघितलं. डावीकडची इमारत उभी. उजवीकडची उभी. समोर डोन्या ताचाची मक्याच्या तोर्तियांची टपरी, जिचा पत्रा मांजर चढलं तरी वाजतो, तीही उभी, तव्यावरची तोर्तिया तेवढी करपलेली. आख्ख्या गल्लीत एकच गोष्ट पडली होती. उरिएताची भिंत. मी उभी होते बरोबर तिथे, पडद्यासकट, संगमरवरासकट, तोंडघशी.

डॉन आबुंदियो हसायला लागले. मोठ्यानं, पोट धरून, आणि हसता हसता रडायला लागले. तिसरी मी असते चोना. एकाच घरातली तिसरी, त्याच तारखेला. आणि संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं असतं, बघा काय हा योगायोग.

उरिएता कोट झटकत आला. लायोला म्हणाला, कंपाद्रे, बघितलंत ना, ही तारीख तुमच्या घराच्या हात धुऊन मागे लागली आहे. तुझा नवरा खाली बसला होता. त्यानं एक वीट उचलली, तिला चिकटलेलं सिमेंट बोटांत घेतलं आणि तो पीठ बघतो ना चिमटीत चोळून, तसं चोळलं. सगळी वाळू. ती खाली गळू दिली. मग उठला आणि शांतपणे विचारलं, इंजिनिअर साहेब, हीच तारीख त्या पत्र्यावरही होती ना? मग तो का नाही पडला? उरिएता काहीतरी बोलायला गेला, तर लायो इतका ओरडला, इतका ओरडला, की मला वाटलं पुन्हा भूकंप आला. काय ओरडला ते लिहीत नाही, तुझं घर देवाधर्माचं आहे. वकिलाला मात्र त्या दिवशी हसू फुटलं नाही.

रात्री तो घरात झोपला. छपराखाली. त्या वाक्याबद्दल अजून बोलला नाही, मीही विचारलं नाही. त्याचा चष्मा त्याला देऊन टाक. लोभ तुझ्यावर आहेच, थोडा त्यालाही वाढ.

तुझी,
एदुविहेस


आत्लिस्को, २९ ऑक्टोबर २०२२

ती. ताईस,
लायोचा शि. सा. न. वि. वि.

सोबत मृतांच्या सणाचा पाव पाठवतो आहे. मोठा कादीचा, तिळाचा चायोचा. चायोला तीळ आवडायचे हे तू विसरली असशील, मी नाही.

शेतात आली असती तर, हे वाक्य मी तुला लिहिलं. पाच वर्षं ते मी रोज स्वतःला ऐकवत होतो. तिला आणखी एकदा फोन केला असता तर, जाऊन घेऊन आलो असतो तर. ते इतकं टोचायचं की एक दिवस उचलून तुझ्या अंगावर टाकलं. तुझी चूक नव्हती. माझीही नव्हती. पोरगी आपल्या घरी जेवायला गेली होती गं. घरी जेवायला जाण्यात कसली आलीये चूक? ज्यानं ते घर पोकळ केलं, त्याच्यावरचा राग मी इतकी वर्षं एका तारखेवर काढत बसलो. त्याला घरी बसून आरामात मेस्काल पिता आलं ते माझ्यासारख्यांच्याच कृपेनं.

पाद्रीबाबांना विचारलं, कंपाद्रेचं नातं सोडवायचा काही विधी आहे का. ते म्हणाले, बांधायचे सगळे आहेत, सोडवायचा एकही नाही. मग मीच काढला. आज बाजाराचा दिवस. सणाच्या आधी कंपाद्रेला पाव पाठवायचा असतो, सगळं आत्लिस्को तो घ्यायला माझ्या दारात रांग लावून उभं होतं. मी त्याच्या नावाचा पाव केला, रांगेसमोर उचलला, मोठ्यानं सांगितलं कुणाचा आहे आणि का जाणार नाही, आणि चोनाच्या कोंबड्यांना घातला. या वेळी कोंबड्यांनी खाल्ला. रांगेतलं एकही माणूस पाव न घेता गेलं नाही, तेव्हा माझ्या शब्दाचं काय होईल ही काळजी मिटली.

त्या भिंतीची वीट मी पिशवीतून आणली होती, ती गल्ल्याशेजारी ठेवली आहे. ही काय, असं कुणी विचारलं की सांगतो. न विचारणाऱ्यालाही सांगतो. चोना म्हणते, धंद्याची वेळ तरी सोडा.

तुझ्या वकिलाचा निरोप मिळाला. उरिएताचा वकील कोर्टात सांगतोय की पीडित कुटुंबाशी समेट झाला, ते आता आप्त आहेत. मला उभं राहून सांगावं लागेल, असं तुझा वकील म्हणतो. त्याला म्हणावं, कधी ते सांग. माझ्यावर लोभ करण्यासारखं मी यंदा काही केलं नाही, तरी तो असावा, ही विनंती.

तुझा,
लायो


आत्लिस्को, ११ सप्टेंबर २०२३

ती. ताईस,
लायोचा शि. सा. न. वि. वि.

सुनावणी एकोणीसला लागली, हे तुझ्या पत्रातलं मी चोनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, घ्या, कोर्टालाही हाच दिवस सापडला.

उरिएताच्या वकिलानं दुसरी तारीख मागितली, हे वाचून माझं टाळकंच फिरलं. म्हणे हा दिवस कुटुंबांना फार क्लेशाचा आहे, त्यांच्या भावना जपायला हव्यात. पाटी लावायची होती तेव्हा हाच दिवस बरा होता! सापडेल त्या दगडाखाली लपायचं, आणि दगड उचलला की दुसऱ्याखाली. तू न्यायाधीशांना स्वच्छ सांगितलंस की आम्हाला एकोणीसच हवी, हे छान केलंस. मी तिथे असतो तर एवढं स्वच्छ बोललो नसतो.

मी आदल्या दिवशी येतो. आमटी कर. अंगणात झोपणार नाही, सतरंजी आत ठेव. कोर्टात मला विचारतील, आरोपी तुमचा कोण. मी आठवडाभर उत्तराची तालीम करतोय आणि चोना न्यायाधीश होते. पहिल्या दिवशी मी एवढं बोललो की तिनं मला दंड केला. आता एकच वाक्य उरलंय. माझा तो कुणी नाही. ज्या घरात माझी लेक मेली, ते त्यानं बांधलं. वीटही आणतो. आत नेऊ देतील की नाही माहीत नाही, पण दारापर्यंत तरी आणतो.

आणि एक. त्या दिवशी माझ्या पश्चात चोना भट्टी पेटवणार आहे. चायो गेली त्या सकाळी ती पेटलेली होती आणि बातमी आल्यावर मी पाणी ओतून विझवली होती. तेव्हापासून एकोणीसला तिच्यातून धूर निघाला नाही. यंदा निघेल. दिवसानं आपलं काही केलेलं नव्हतं, ताई. उगाच त्याला उपाशी ठेवला. मी निघताना गुलाबी साखरेचे शिंपले पाव घेऊन येतो, कादी वरची साखर चाटून पाव परत द्यायची ते. कोर्टाबाहेर चारी घरं मिळून खाऊ. साखरेसकट खाऊ.

चोनाचा नमस्कार. डॉन आबुंदियोंना सांग, या वेळी हसू नका, निकाल लागेपर्यंत थांबा.

लोभ आहेच, त्याची काळजी नाही. राग आहे, तो असाच वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.

तुझा,
लायो